मुरमाची वाट, सायकल आणि शिवाराचे निरीक्षण

वर्दळीचा डांबरी रस्ता सोडून मुरूम, खडी आणि मातीच्या वाटांवरून लांब पल्ल्याची सायकल चालविण्याच्या छंदाला जगभर ‘ग्रॅव्हल बायकिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, गुरांच्या कुरणांनी वेढलेल्या एम्पोरिया या लहानशा शहरात २००६ मध्ये २०० मैलांची अशी एक स्पर्धा सुरू झाली. आज तिच्यासाठी दरवर्षी हजारो सायकलस्वार तेथे येतात. २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. ज्या रस्त्यांना ‘कच्चे’ म्हणून कमी लेखले जाते, त्यांनीच त्या ग्रामीण भागाला नवी ओळख दिली. छत्तीसगडमधील रायपूरच्या दक्षिणेस आणि पूर्वेस असलेल्या वनपट्ट्यात असे रस्ते आजही विपुल आहेत. कृषी विस्तार आणि कीड सर्वेक्षण या दोन्ही अंगांनी त्यांचे मोल तपासून पाहण्याजोगे आहे.

माती बदलते तशी वाट बदलते

रायपूरचे मैदान महानदीच्या खोऱ्यात येते. दक्षिणेस सुमारे ७५ किलोमीटरवर धमतरी लागते. तेथून पुढे गंगरेल धरण आणि नगरी-सिहावाच्या डोंगररांगा आहेत. महानदीचा उगम याच सिहावाच्या डोंगरांत होतो. पूर्वेकडे सिरपूर आणि १९७६ मध्ये घोषित झालेले बारनवापारा अभयारण्य आहे. या दोन्ही दिशांना कालव्याकाठचे देखभाल रस्ते, वनविभागाच्या वाटा आणि गावांना जोडणारे मुरमाचे रस्ते यांचे जाळे पसरले आहे.

या भागातील शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतात : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. टेकडीच्या माथ्यावर लाल, खडेमिश्रित, उथळ भाटा जमीन असते. ती पाणी धरत नाही, म्हणून तिच्यावर कोदो-कुटकीसारखी भरडधान्ये घेतली जातात; आणि त्याच कारणाने तिच्यावरील वाट पावसानंतरही लवकर कोरडी होते. थोडे खाली पिवळसर मटासी आणि मध्यम पोताची डोरसा लागते. तेथे धान हेच मुख्य पीक. सखल भागातील काळी, भारी कन्हार जमीन धानानंतर हरभरा-गव्हालाही ओल पुरवते. मात्र पावसात तिचा चिखल चाकांना असा चिकटतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. माथ्यावरून ओढ्यापर्यंत दोन-तीन किलोमीटरच्या उतारात माती, पीक आणि चाकाखालचा आवाज ही तिन्ही बदलत जातात. मृदा सर्वेक्षणाचा हा धडा मोटारीच्या खिडकीतून मिळत नाही.

महागड्या सायकलीची अट नाही

ग्रॅव्हल सायकलीचे टायर साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात. भारतीय खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या काळ्या सायकलीचा ‘२८ बाय दीड’ मापाचा टायरही सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचाच असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे दूधवाला किंवा शाळकरी मूल ज्या सायकलीवर मुरमावरून जाते, तीही या कामाला चालते. चढासाठी गिअर आणि उतारासाठी भरवशाचे ब्रेक असल्यास उत्तम. टायरमधील हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवल्यास चाक खड्यांवरून उडत नाही. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे साहित्य आणि हवेचा पंप मात्र जवळ हवाच.

चाकावरून दिसणारे कीटकविश्व

मुरमावर सायकलीचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर राहतो. मोटारसायकलवर जे नजरेतून निसटते ते या वेगात दिसते, आणि पायी जितके अंतर कापता येत नाही तितके एका सकाळी पाहून होते. शिवाय सायकलीवरून उतरायला क्षणही लागत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धानाच्या बांधीत करपल्यासारखे गोल ठिपके दिसले तर तपकिरी तुडतुड्यांचा संशय घ्यावा. त्याआधीच्या अवस्थेत कांद्याच्या पातीसारखे चंदेरी पोंगे गादमाशीची, तर निसवणीनंतर सरळ उभ्या राहिलेल्या पांढऱ्या, पोचट लोंब्या खोडकिड्याची साक्ष देतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रस्त्यालगतची कड म्हणजे संपूर्ण शेत नव्हे. कडेचे पीक धूळ, सावली आणि तण यांमुळे आतल्या पिकाहून वेगळे असते. तुडतुडे तर चुडाच्या बुंध्याशी असतात आणि गोल ठिपका दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून बांधावरून आत काही पावले जाऊन, निरनिराळ्या ठिकाणच्या चुडांचे बुंधे वाकवून तुडतुडे मोजावेत आणि मगच सल्ला द्यावा. सायकल कोठे थांबायचे ते सुचवते. निदान मात्र शेतात उतरूनच होते.

जंगलात हीच नजर सालवृक्षाकडे वळवावी. सालच्या खोडकिड्याची अळी खोडाच्या आत लाकूड पोखरते आणि बुंध्याशी भुशाचे ढीग साचतात. शेंडा वाळू लागणे हे त्यापुढचे लक्षण होय. १९९७-९८ च्या सुमारास तत्कालीन मध्य प्रदेशातील सालवनांत या किडीचा मोठा उद्रेक झाला होता. पावसाच्या पहिल्या सरींनंतर भुंगेरे बाहेर पडतात. त्या वेळी सालचे ओंडके ठेचून, त्यांच्या रसाच्या वासाने आलेले भुंगेरे गोळा करून नष्ट करण्याची ‘सापळा वृक्ष’ पद्धत वनविभाग वापरतो. ही पद्धत प्रादुर्भाव लवकर कळला तरच फलदायी ठरते. सायकलवरून जाणाऱ्याने भुशाचा ढीग दिसताच त्या जागेचे स्थान मोबाईलवर नोंदवून वनरक्षकाला कळविले, तर ते मोलाचे साह्य ठरेल.

याच वाटांवर उपकारक कीटकही भेटतात : पळस आणि कुसुमावरील लाखेचा कीटक, ऐन-अर्जुनावरील टसर रेशमाचे कोष, पाने विणून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या. पर्यटकाला यांची ओळख करून देऊ शकणारा शेतकरी हा उत्तम वाटाड्या असतो.

ऋतू, धोके आणि नियम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल. मात्र याच काळात धान खरेदी चालू असते आणि खरेदी केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रांग लागते. असे रस्ते टाळून कालव्याची किंवा वनालगतची वाट निवडावी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. ती वेचायला माणसे पहाटे निघतात आणि खायला अस्वलेही येतात. सायकल आवाज न करता जाते, त्यामुळे वळणावर अस्वल अचानक समोर येण्याचा धोका वाढतो. या दिवसांत पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नये, घंटी वाजवीत जावे आणि एकट्याने जाऊ नये. आग्या मधमाशांच्या पोळ्यांखाली थांबू नये, धूर करू नये. सिरपूर-बारनवापारा परिसरात हत्तींचा वावर असल्याने आदल्या दिवशी वनकर्मचाऱ्यांकडून माहिती घ्यावी. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय प्रवेश नाही. कालव्याच्या रस्त्यासाठीही जलसंपदा विभागाला विचारावे.

आणखी एक नियम शेतीच्या हिताचा आहे. चाकाला चिकटलेल्या मातीबरोबर गाजर गवताचे बी, सूत्रकृमी आणि मररोगाची बुरशी एका शिवारातून दुसऱ्यात जाते. म्हणून गाव सोडण्यापूर्वी टायर, बूट आणि सायकलीचा खालचा भाग ब्रशने घासून धुवावा. हे धुण्याचे पाणी शेतात किंवा कालव्यात जाऊ देऊ नये. गावानेच वेशीवर बादली-ब्रश ठेवले तर ही सवय लवकर रुजेल.

डांबर कोठे, मुरूम कोठे?

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने असंख्य गावांना बारमाही रस्ता दिला. रुग्णालय, शाळा आणि बाजाराकडे नेणारा रस्ता पक्का असलाच पाहिजे. पर्यटकांच्या आवडीसाठी गावाने चिखल तुडवावा, असे कोणी म्हणू नये. परंतु गावाला असा एक पक्का रस्ता मिळाल्यानंतर प्रत्येक वनवाट, कालवाकाठ आणि शेतरस्ता डांबरी करण्याने काय साधते, हा प्रश्न ग्रामसभेने स्वतःला विचारावा. डांबराबरोबर वेगवान वाहने येतात, आणि दुरुस्तीसाठी गाव कंत्राटदारावर अवलंबून राहते. उलट मध्यभागी किंचित उंच, दोन्ही बाजूंस चर आणि ओढ्यावर फरशी पूल असलेला मुरमाचा रस्ता गावातले हातच दुरुस्त करू शकतात. वनहक्क कायदा, २००६ नुसार रस्त्यासारख्या सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवायची असली तरी ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे निर्णयाचे साधन गावाच्या हाती आहे.

धमतरी जिल्ह्याच्या नगरी तालुक्यातील जबर्रा गावाला २०१९ मध्ये ५ हजार हेक्टरांहून अधिक वनक्षेत्रावर सामुदायिक वनसंसाधन हक्क मिळाला. तेथे स्थानिक तरुणांना वाटाडे म्हणून तयार करून निसर्ग-पर्यटनाचा प्रयोगही झाला. याच नगरी परिसराच्या ‘नगरी दुबराज’ या सुगंधी भाताला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दिवसभर सायकल चालवून आलेल्या पाहुण्याला तो भात, कोदोची खीर आणि महिला बचत गटाने दिलेली मुक्कामाची सोय, एवढ्यानेही गावात रोख पैसा येऊ शकतो.

महाराष्ट्राच्या वाचकांसाठी हा विषय दूरचा नाही. गोंदिया-गडचिरोलीच्या धान पट्ट्यात अशीच जंगले आहेत आणि पांदण रस्ते तर राज्यभर आहेत. २०२० पासून राज्याचे कृषी पर्यटन धोरणही लागू आहे. विस्तार कार्यकर्त्याने आपल्या कार्यक्षेत्रातील १५-२० किलोमीटरची एक मुरमाची फेरी निवडावी आणि हंगामात दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच थांब्यांवर कीड-रोगांची नोंद करावी. दोन हंगामांच्या नोंदी हाती आल्या की ती वही घेऊन ग्रामसभेत जावे. कोणता रस्ता डांबरी करायचा आणि कोणता मुरमाचा राखायचा, याची चर्चा मग प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे होऊ शकेल.