खांबाचा पाय

जुन्या वाड्याची जाडजूड भिंत पाहिली म्हणजे वाटते, घराचा सारा भार हीच पेलत असावी. परंतु पुण्याकडील किंवा वाईकडील पुष्कळशा वाड्यांत खरा भार असतो लाकडी सांगाड्यावर. खांब उभे करावयाचे, त्यांवर तुळया टाकावयाच्या, तुळयांवर कडीपाट बसवावयाचा आणि दोन खांबांमधील जागा विटामातीने भरून काढावयाची, अशी ती रचना असते. चांगले सागवान कोरडे राहिले, तर कित्येक पिढ्या टिकते.

मग असा खांब कुजतो कशाने? आणि तोही बहुधा पायाशीच का?

लाकडात बारीक उभ्या नळ्या असतात. झाड जिवंत असताना मुळांनी शोषलेले पाणी अशाच नळ्यांतून वर चढते. खांबाच्या तळाशी या नळ्यांची तोंडे उघडी असतात. म्हणून ओल बाजूंपेक्षा तळातून फार लवकर शिरते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी असेल, तर त्यास कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. ओलावा त्याहून पुष्कळ वाढला आणि तसाच राहिला, म्हणजे बुरशी लाकूड पोखरू लागते. ओलीच्या वाटेने वाळवीही येते.

आपल्या पूर्वजांना हे अनुभवाने ठाऊक होते. म्हणून ते घराचे जोते उंच बांधीत आणि खांब मातीत न रोवता घडीव दगडावर उभा करीत. या दगडास तळखडा म्हणतात. पण पुढे रस्ते वारंवार भर घालून उंच झाले आणि कित्येक जोती बुडाली. पन्हळी फुटल्या, आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू लागले. मातीच्या भिंतीला कोणी सिमेंटचा गिलावा केला. त्यामुळे भिंत वरून नीटनेटकी दिसली. परंतु आतील ओल बाहेर पडेनाशी झाली आणि भिंतीत दडलेला खांब आतल्या आत कुजू लागला.

जाणता सुतार प्रथम खांबावर हातोडीने हलकेच ठोकून पाहतो. निरोगी लाकूड खणखणीत वाजते. कुजलेले बद्द वाजते. मग तो टोकदार आरी टोचून कूज कोठवर चढली आहे ते ठरवितो. परंतु लगेच करवत हाती घेत नाही. आधी पाणी कोठून येते ते शोधून त्याची वाट बंद करतो. हे न केल्यास नवे लाकूडही जुन्याच्याच वाटेने जाते.

यानंतरचे काम जोखमीचे असते. त्या खांबावर तुळई, तुळईवर माळा आणि माळ्यावर माणसे असतात. म्हणून तुळईखाली दोन्ही बाजूंस भक्कम टेकू देऊन खांबावरचा भार अगोदर उतरवितात. मग लगतच्या विटा सोडवून कुजलेला भाग आणि त्याच्या वरचे वीतभर चांगले लाकूडही कापून टाकतात. कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे गेलेले असतात. उरलेल्या खांबास पुरेशा लांबीचा सांधा कोरून मुरलेल्या सागवानाचा नवा पाय जोडतात आणि आरपार खुंट्या ठोकून तो घट्ट करतात. पाय तळखड्यावर नीट टेकला, म्हणजे टेकू हळूहळू सैल करतात. भिंत पुन्हा मातीचुन्याने भरतात, म्हणजे ओल सुकण्यास वाव राहतो.

ज्या खांबाचा एवढासा भाग कुजला, तो सबंध टाकून देण्याचे कारण नसते. वरचे जुने लाकूड नव्या पायावर आणखी कित्येक पावसाळे उभे राहते. मात्र भिंतीच्या बुडाशी ओलीचा डाग दिसला, तर तो गिलाव्याखाली झाकू नये. त्या डागामागे एखादा खांब असेल, आणि त्याच्या आधारावर वरच्या माळ्यावर कोणी निर्धास्त निजलेले असेल.