जुन्या मोटारीची खडखड

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ‘पद्मिनी’ मोटार निघणें बंद होऊन आतां सुमारें दोन तपें झालीं. मुंबईतील तिची काळीपिवळी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तरी पाचोऱ्यासारख्या गांवीं एखाद्या वाड्यापुढें ती अद्याप उभी दिसते. अशा गाडींतून एके दिवशीं खडखड ऐकूं येऊं लागते आणि घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘मोडींत घाला’. दुसरा म्हणतो, ‘जुनी गाडी वाजायचीच!’ निदानावांचून दिलेले हे दोन्ही निकाल आम्हांस मान्य नाहींत. गाडींत नातवंडें बसतात. तेव्हां आवाज निरुपद्रवी कीं घातक, हें आधीं ठरलें पाहिजे.

यास न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक पुरेसा आहे. कारण असतां कार्य घडतें, कारण काढून घेतलें असतां तें थांबतें. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. एकानें गाडी चालवावी, दुसऱ्यानें मागें बसून ऐकावें. एकत्र कुटुंबांत ऐकणारांची वाण नसते.

प्रथम डिकी रिकामी करावी. जॅक, पाने, पंप बाहेर काढावे, स्टेपनी घट्ट आवळावी. पुष्कळ वेळां रोग येथेंच बरा होतो.

नंतर मोकळ्या जागेंत गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावें. ॲक्सिलरेटर दाबतांच आवाज वाढला, तर दोष इंजिनांत किंवा सायलेन्सरांत. बॉनेटखालील बारीक टकटक बहुधा टॅपेटची असते. गाडीच्या पोटाखालील पत्र्याचा खडखडाट सायलेन्सरचा. तो पूर्ण थंड झाल्यावर थोपटून पहावा. केवळ देवळापर्यंत जपून नेल्या जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर जातो, हें नवल वाटेल. पेट्रोल जळतांना पाण्याची वाफ होते. थोड्या अंतरांत नळी पुरती तापत नाहीं, पाणी आंत राहतें व गंज आंतून धरतो. नळीस भोंक पडलें असेल तर दिरंगाई नको. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.

आवाज खड्ड्यांतच होत असेल, तर पाटे, शॉक-ॲब्सॉर्बर व त्यांचे रबरी बुश पहावे. खानदेशची काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवरील रस्ते उंचसखल होतात, आणि उन्हानें रबर कडक होऊन चिरतें. आमच्या एका परिचितांच्या गाडीचे चारी शॉक-ॲब्सॉर्बर कारागिरानें बदलले. खडखड तशीच राहिली. शेवटीं सैल निघाली ती बॅटरीची पट्टी!

ब्रेक हलकेच दाबतांच आवाज थांबला, तर ब्रेकचे भाग तपासावे. स्टीअरिंग वळवितांना ठोका लागत असेल, तर मात्र गाडी पुढें नेऊंच नये. कारागिरास घरीं बोलवावें. पुढचें चाक उचलून, हलवून, त्याचे सांधे व टायरॉड यांची ढिलाई तो पाहील. सांधा निसटला तर चाक चालविणाराचें ऐकत नाहीं.

पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणी वाढवितांना परिवहन कार्यालय गाडी तपासतें. पण दोष तोंवर थांबत नाहीं. म्हणून कारागिराकडे जातांना ‘गाडी वाजते’ एवढेंच सांगूं नये. केव्हां वाजते, किती वेगाला, कोणत्या बाजूस, आणि काय केलें असतां थांबते, हें कागदावर लिहून न्यावें. अर्धें निदान त्या कागदावरच झालेलें असतें.