बोटांच्या मुळापासून पट्टी

पट्टी कुठून सुरू करायची यावर अर्धं काम ठरतं. रायपूरच्या बूढापाऱ्यात घरोघरी जाऊन जखमा बांधणारी दीदी ती पायाच्या बोटांच्या मुळापासून, म्हणजे चवड्यापासून सुरू करते. दुकानातून क्रेप बँडेज आणून घरच्या घरी बांधणारे बहुतेक जण घोट्यावर सुरुवात करतात, कारण जखम घोट्याशी असते. संध्याकाळपर्यंत पट्टीच्या खाली मोकळं राहिलेलं पाऊल सुजतं, बोटं टम्म होतात, आणि मग पट्टी मानवत नाही म्हणून ती कायमची कपाटात जाते. माझ्या आत्याच्या घरीही अशा तीन-चार गुंडाळ्या कपाटात पडून होत्या.

आत्या बूढा तलावाच्या मागच्या गल्लीत राहते. रायपुरातली मराठी वस्ती भोसल्यांच्या अमलापासूनची. तात्यापारा आणि बूढापारा ही जुनी मराठी घरांची ठिकाणं, आणि तलावाजवळची शाळा आजही माधवराव सप्र्यांच्या नावाने ओळखली जाते. आत्याने आयुष्यभर दुसऱ्या एका शाळेत शिकवलं. वर्गात खुर्चीवर बसायचं नाही हा तिचा नेम होता. तरुणपणी तिचा डावा घोटा मोडला, प्लॅस्टर निघालं, आणि पुढे तो सांधा पुरता मोकळा कधी झालाच नाही. व्यायाम करायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं पाऊल मी नीट पाहिलं ते दीदीच्या शेजारी पाटावर बसून. इतकी वर्षं ते पातळाच्या काठाखाली असायचं. अंगठा दुसऱ्या बोटाकडे कललेला, त्याच्या मुळाशी पावलाच्या आतल्या अंगाला हाडाचा मोठा उंचवटा, त्यावर लालसर चकाकी. जागा न उरल्यामुळे दुसरं बोट वाकून वर चढलेलं आणि त्याच्या टोकाला कुरूप. तळव्याची कमान बसून पाऊल सपाट झालेलं. पोटरीवर निळ्या, गाठाळलेल्या शिरा. घोट्याच्या वरची कातडी तपकिरी, कडक, जणू हाडाला चिकटलेली. त्यामुळे पाय घोट्याशी बारीक आणि वर पोटरीत रुंद, उलट्या ठेवलेल्या बाटलीसारखा दिसतो. आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, अशा वेळी जिथे हमखास असते तिथेच, जखम होती. उथळ, वेड्यावाकड्या कडांची आणि सतत पाझरणारी.

वाकडं पाऊल आणि फुगलेल्या शिरा हे दोन वेगळे आजार म्हणून सांगितले जातात. हाडांचे डॉक्टर वेगळे, रक्तवाहिन्यांचे वेगळे. आत्याच्या पायात मात्र दोन्हींचा एकमेकांशी घट्ट संबंध होता, आणि मला या सगळ्यात तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवण्याचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतात, खोल शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभं राहिल्यावर घोट्याशी शिरांमधला दाब 90 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. चालू लागलं की निरोगी पायात तो 30 च्याही खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. आणि घोटाच वाकत नसेल तर पोटरी पुरती आवळतच नाही, म्हणजे झडपा शाबूत असल्या तरी पंप अर्धाच चालतो. आत्याचं दोन्ही बाजूंनी नुकसान झालं होतं. दाब चढलेला राहिला, रक्तातला द्रव आणि तांबड्या पेशी बारीक केशवाहिन्यांतून बाहेर झिरपल्या, पेशींमधल्या लोहाने कातडी तपकिरी पडली, आणि मग एखाद्या डासाच्या चाव्याएवढ्या खरचटण्यातूनही भरून न येणारी जखम झाली.

अशा जखमेवर हळद, बोरिक पावडर, लाल औषध, तऱ्हेतऱ्हेची मलमं, आणि वेळोवेळी प्रतिजैविकांचे कोर्स, हे सगळं आत्याने केलेलं होतं. आजूबाजूला संसर्ग पसरलेला नसेल तर प्रतिजैविकाने ही जखम भरत नाही. दाब उतरला तरच ती भरते.

पण दाबून बांधण्याआधी एक गोष्ट पाहावीच लागते, आणि दीदी त्याबाबत फार कडक आहे. पायाला रक्त आणणाऱ्या धमन्याच अरुंद झाल्या असतील तर घट्ट पट्टी पाय वाचवण्याऐवजी घालवू शकते. डॉपलर यंत्राने घोट्याशी आणि दंडावर रक्तदाब मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. उत्तर 0.8 च्या खाली आलं तर पूर्ण दाबाची पट्टी बांधायची नाही, आणि 0.5 च्या खाली आलं तर मुळीच नाही. मधुमेह्यांच्या धमन्या कडक होतात, त्यामुळे त्यांच्यात हा आकडा खोटा चढा येऊ शकतो; तिथे डॉक्टरांना आणखी तपासण्या कराव्या लागतात. आत्याचा आकडा चांगला होता आणि साखरही नव्हती. तरीही दीदी दर वेळी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी चाचपते आणि मगच बादलीकडे वळते.

छत्तीसगडात पायाची जखम लपवण्यामागे आणखी एक भीती असते, कुष्ठरोगाची. आत्यानेही शेजाऱ्यांना पाय दाखवला नव्हता. या राज्यात त्या रोगाशी झुंजलेल्यांत मराठी माणसं आहेत: स्वतः कुष्ठरोगी असलेल्या सदाशिवराव कात्र्यांनी 1962 मध्ये चांप्याजवळ भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला, आणि अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी तिथेच आयुष्य वेचलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती जखम वेगळी. कुष्ठरोगात नसा मरतात, बोटं आखडतात, संवेदना जाते, आणि वाकडेपणामुळे जिथे जास्त भार पडतो तिथे, बहुधा तळव्याला, न दुखणारं छिद्र पडतं. आत्याची जखम घोट्याच्या वर होती आणि उभं राहिलं की ठणकायची. दीदीने पहिल्याच भेटीत तळवा आणि बोटं स्पर्शाने तपासली आणि म्हणाली, “दाई, तोर गोड़ मा सब पता चलत हे.” म्हणजे पायाला सगळं जाणवतंय. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती नेमकी कशाला घाबरत होती हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

धुण्याला बराच वेळ जातो. बादलीत प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची, कोमट पिण्याचं पाणी ओतायचं, पाय गुडघ्यापर्यंत धुवायचा. सुटलेली पांढरट खपली मऊ कापडाने काढायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग सुगंध नसलेलं साधं व्हॅसलीन वरून खाली लावायचं. जखमेवर न चिकटणारी जाळी आणि पाझर शोषणारा पॅड. “पिरावत हे का?” हे ती काम करताना सतत विचारते, आणि आत्या नाही म्हणाली तरी तिच्या चेहऱ्याकडे बघते. काही दिवसांच्या अंतराने जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने कडा गिरवते आणि तारीख घालते. ते कागद एकावर एक ठेवले की आतली रेघ बाहेरच्या रेघेपासून किती सरकली ते दिसतं.

मग येतो कापूस, आणि वाकड्या पावलाचा विचार खरा इथे सुरू होतो. गुंडाळलेल्या पट्टीचा दाब लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाने चालतो: ताण तोच ठेवला तरी गोलाई जितकी लहान तितका दाब जास्त. म्हणून एकसारख्या ताणाने बांधलेली पट्टी बारीक घोट्याशी जास्त दाबते आणि रुंद पोटरीवर कमी, आणि रक्त वर चढायला नेमकं हेच हवं असतं. घोट्याशी साधारण 40 मिलिमीटर आणि गुडघ्याखाली त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण हाच नियम नडगीच्या धारेवर, टाचेच्या वरच्या कंडरेच्या कडेवर, आणि आत्याच्या अंगठ्याच्या त्या उंचवट्यावर घातक ठरतो. तिथली गोलाई इतकी लहान की तोच ताण कातडीला मारून टाकेल आणि जुन्या जखमेशेजारी नवी जखम होईल. दीदी कापसाच्या पट्ट्या फाडून आधी घोट्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरते, नडगीच्या दोन्ही अंगांना थर देते, अंगठ्याच्या उंचवट्याभोवती कडं करते, पण त्याच्या माथ्यावर थर वाढवत नाही. आत्याच्या पोटरीखालची ती बाटलीची मानही कापसाने भरून निघते. कापसाचा थर संपतो तेव्हा पाय सरळ, गोल झालेला असतो. घाईत बांधणारे इथेच चुकतात, कारण हा थर औषधासारखा दिसत नाही.

“दाई, पंजा ला ऊपर राखव.” पाऊल नडगीशी काटकोनात. आत्याचा घोटा तेवढा येत नाही, म्हणून दीदी जेवढा येईल तेवढाच घेते, जबरदस्ती करत नाही. चवड्यावर दोन वेढे, टाचेभोवती आठच्या आकड्यासारखे वळसे, टाच उघडी न ठेवता, मग वर सर्पिल. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकतो. मनगट कुठेही झटका देत नाही. गुडघ्याखाली दोन बोटं जागा सोडून संपतं. वर स्वतःलाच चिकटणारा एक थर.

सुश्रुतसंहितेत पट्टीचे चौदा बंध सांगितले आहेत. सांध्यांसाठी स्वस्तिक, हातापायांसाठी अनुवेल्लित. बांधण्याची घट्टाईही गाढ, सम आणि शिथिल अशी तीन प्रकारची, आणि हातापायांना त्यातली सम. सांध्यावर आडवेतिडवे, पायावर वळत जाणारे वेढे. दीदीने हे पुस्तक वाचलेलं नाही, पण तिचे वेढे या वर्णनाशी जुळतात. अलीकडची चार थरांची पट्टी लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात 1980 च्या दशकात घडवली गेली. ती तयार महागडी पेटी आत्याच्या घरी येत नाही. कापूस, क्रेप आणि चिकट थर यांवरच भागतं, आणि हात चांगला असेल तर भागतंही.

बांधून झाल्यावर दीदी अंगठ्याचं नख दाबते, सोडते, रंग लगेच परत येतो का पाहते. बोटं निळी पडली, बधिर झाली, रात्री पाय जास्तच दुखू लागला, तर वाट न पाहता कात्रीने कापून टाकायची, हे तिने घरातल्या सगळ्यांना बजावलं आहे.

मग चालायचं. आत्याची पक्की समजूत अशी की जखमेचा पाय हलवू नये. आजूबाजूच्या प्रत्येकाने तिला हेच सांगितलेलं, आणि पाय खाली लोंबकळत ठेवून ती दिवसभर खुर्चीत बसायची. दाबाच्या दृष्टीने तेही वाईटच. आता ती बसल्या बसल्या पंजा वरखाली करते, टाचा उचलते, सकाळी तलावाच्या कडेने जमेल तेवढी फेरी मारते, आणि दुपारी पाय उशांवर, छातीच्या वर ठेवून पडते. ताठलेला घोटा पुरता सुटणार नाही. पण महिन्याभरात तो थोडासा वाकू लागला, आणि तेवढ्यानेही पोटरी आवळताना हाताला जाणवते.

डॉक्टरांनी बिघडलेली वरची शीर लेसरने बंद करायचं सुचवलं आहे. जखम भरेपर्यंत थांबावं असं पूर्वी मानत. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या इव्हरा चाचणीचे निकाल आले: पट्टीबरोबरच लवकर शीर बंद केलेल्यांच्या जखमा भरायचा मध्यक 56 दिवस होता, थांबलेल्यांचा 82. हे आकडे दाखवल्यावर आत्या तयार झाली. शिक्षिका होती, आकडा पटला की वाद घालत नाही.

जखम भरली तरी काम संपत नाही, कारण झडपा नव्या येत नाहीत. पुढे दाबाचे मोजे, सकाळी उठल्या उठल्या सूज नसताना मापं घेऊन घेतलेले, रोज चढवायचे, रात्री काढायचे, साधारण सहा महिन्यांनी बदलायचे. रायपूरच्या मे महिन्यात पारा 44 वर गेला की ते घालणं म्हणजे शिक्षा, आणि जखमा परत उघडतात त्या बहुधा मोजे सोडल्यावर. दीदीचा तोडगा असा: पहाटे कूलरसमोर बसून चढवायचे, अकरा ते चार पाय उंच करून आडवं असाल तेवढ्या वेळापुरते काढायचे, उठण्याआधी पुन्हा घालायचे. चप्पलही बदलली. पुढे रुंद, अंगठ्याच्या उंचवट्यावर पट्टा न येणारी, मऊ तळव्याची. ती गोल बाजारात मिळाली नाही. पावलाचा कागदावर आकार काढून चांभाराकडून शिवून घ्यावी लागली, आणि डाव्या पायाचा आकार त्याने पट्टीसकट घेतला.