घरचा सर्व्हर, भाग ९ : पुसलं, तरी जागा अडलेलीच

जुन्या ऑफिस पीसीवर प्रॉक्समॉक्स बसवलं, तीन-चार व्हर्च्युअल मशिनं चालू केली, की काही महिन्यांत एक तक्रार हमखास येते: डिस्क भरली. मशिनच्या आत शिरून पाहावं तर निम्मी जागा मोकळी, आणि सर्व्हरवर पाहावं तर सगळ्या मशिनांना जागा पुरवणारा साठा, म्हणजे पूल, काठोकाठ. दोन्ही आकडे खरे असतात.

समजा, फोटो ठेवायच्या मशिनला तुम्ही ६४ जीबीची डिस्क दिलीत. सर्व्हर ही जागा एकदम काढून ठेवत नाही. जसजसं लिहाल तसतशी देत जातो. याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. घरच्या लग्नाचं ४० जीबी चित्रीकरण तुम्ही त्यात आणलंत, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवून इथून पुसलंत. मशीन सांगतं, १५ जीबी वापरात. सर्व्हर सांगतो, ५५. फाइल पुसली की लिनक्स फक्त आपल्या नोंदवहीत ते ब्लॉक मोकळे लिहितं. खालच्या सर्व्हरला त्याची खबरच नसते. एकदा लिहिलेला ब्लॉक त्याच्या लेखी तुमचाच राहतो.

जायकवाडी धरणाची एकूण क्षमता सुमारे २,९०९ दलघमी, पण त्यातला ७३८ दलघमी मृतसाठा, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. हिशेबात आहे, हाताशी नाही. पूलमध्येही असाच साठा साचत जातो. हा मात्र सगळा सोडवता येतो.

त्यासाठी मशिनने सर्व्हरला ‘हे ब्लॉक आता नकोत’ असं कळवायला हवं. एसएसडीसाठी घडवलेली ट्रिम ही सूचना नेमकं तेच करते. प्रॉक्समॉक्समध्ये मशिनच्या हार्डवेअर पानावर डिस्क उघडा, कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी आहे ना ते पाहा, ‘डिस्कार्ड’च्या चौकटीत खूण करा आणि मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. आतून केलेलं रीबूट पुरत नाही. मग आत एफएसट्रिम चालवा. विंडोज असेल तर ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करा, काम तेच होतं. एलएक्ससी कंटेनर असेल तर ट्रिम आतून नव्हे, सर्व्हरवरून चालवायची. त्यासाठी पीसीटी आज्ञेतच सोय आहे.

एफएसट्रिम शेवटी एक आकडा दाखवतं, ‘४६ जीबी ट्रिम्ड’ असा काहीतरी. तो परत मिळालेल्या जागेचा आकडा नाही. मशिनने मोकळे म्हणून कळवलेले ब्लॉक तेवढे. त्यातले बरेच सर्व्हरने कधी दिलेलेही नसतात. ईएक्सटी४ वर लगेच पुन्हा चालवलंत तर तोच आकडा शून्याजवळ येतो, कारण काय कळवून झालं ते फाइल सिस्टम रीबूट होईपर्यंत लक्षात ठेवते. खरी वसुली सर्व्हरवर एलव्हीएस ही आज्ञा चालवून ‘डेटा टक्के’ या रकान्यात पाहायची.

टक्का हललाच नाही, तर स्नॅपशॉट तपासा. अपडेटआधी काढलेला आणि विसरलेला स्नॅपशॉट जुने ब्लॉक धरून बसतो. तो काढल्याशिवाय कितीही ट्रिम करा, उपयोग नाही.

जुन्या पद्धतीत मशिनच्या आत सगळी मोकळी जागा शून्यांनी भरायची आणि मग डिस्कची फाइल आवळायची. व्हर्च्युअलबॉक्सवर अजूनही बरेच जण हेच करतात. थिन पूल भरत आला असताना मात्र हा उपाय मला धोक्याचा वाटतो. शून्यं लिहिणं हेही लिहिणंच. डिस्क आधी पूर्ण ६४ जीबीपर्यंत फुगू शकते आणि आटायच्या आत पूल शंभर टक्क्यांवर जाऊ शकतो. पूल भरला की एकच नव्हे, त्यावरची सगळी मशिनं अडकतात आणि फाइल सिस्टम बिघडण्याची वेळ येते.

दुसरा धोका विजेचा. वळवाच्या वाऱ्यात संध्याकाळी लाइट जाणं आपल्याकडे नवं नाही, आणि जागच्या जागी आवळली जाणारी फाइल अर्ध्यावर तुटली तर हाती काय उरेल याची खात्री नाही. मशिनची डिस्क क्यूकाऊ२ फाइलच्या रूपात असेल तर मशीन बंद करून क्यूईएमयू-इमेजच्या कन्व्हर्टने दुसऱ्या डिस्कवर नवी प्रत काढणं बरं. रिकामे ब्लॉक प्रतीत येत नाहीत आणि मूळ फाइलला हात लागत नाही. फाइलच्या आतले स्नॅपशॉटही प्रतीत येत नाहीत, हे मात्र आधी लक्षात घ्या. नव्या प्रतीवर मशीन सुरू होऊन नीट चालल्याशिवाय जुनी फाइल पुसू नका.

एकदा जागा सुटली की रोज आठवण ठेवायची गरज नाही. उबुंटूमध्ये आठवड्याला ट्रिम करणारा टायमर आधीपासून चालू असतो. डेबियनमध्ये तो चालू आहे का, ते एकदा तपासा. प्रत्येक फाइल पुसताच ट्रिम करणारा माउंट पर्यायही आहे, पण घरच्या सर्व्हरला आठवड्याचा टायमर पुरेसा आहे, असं माझं मत.

या रविवारी आपल्या प्रत्येक मशिनच्या डिस्कवर डिस्कार्डची खूण आहे का, तेवढं पाहून घ्या. पूल ८० टक्क्यांपुढे असेल तर आधी बॅकअप घ्या, मग ट्रिम करा, आणि टक्का खाली येईपर्यंत नवं मशीन उभं करू नका.