दातांवाचून वाजणारे वाद्य

सांगलीतील एका कापड-व्यापारी गृहस्थांच्या दुकानात, जुन्या खतावण्यांच्या कपाटात, एक काळी पेटी 42 वर्षे पडून होती. आत मखमलीच्या खाचांत क्लॅरिनेटचे पाच तुकडे होते. महाविद्यालयात असताना एका बँडमास्तरांकडून ते हे वाद्य शिकले. वरातीत जे वाद्य गाण्याची चाल पुढे नेते, तेच हे. वडील अकाली गेले, चोविसाव्या वर्षी गादी सांभाळावी लागली आणि पेटी कपाटात गेली.

कारभार मुलाच्या हाती सोपवल्यावर त्यांनी ती उघडली. सांध्यांवरचे बूच सुकले होते, चाव्यांखालच्या गाद्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या. हे सारे दुरुस्त होण्यासारखे होते. अडचण तोंडात होती. क्लॅरिनेटची वेताची पत्ती खालच्या ओठावर टेकते आणि मुखपट्टीची वरची बाजू वरच्या दातांवर. त्यांचे वरचे पुढचे दात केव्हाच गेले होते. फुंकर जोराची झाली की कवळी हलायची आणि सूर फाटायचा. दोन महिन्यांनी पेटी पुन्हा कपाटात गेली. ती विकून टाकावी, असे घरात बोलले जाऊ लागले. न चालणारा माल अडवून ठेवू नये, हे शेवटी त्यांनीच मुलाला शिकवलेले!

दिवाळीच्या सुमारास ते जव्हारला मेहुण्यांकडे गेले. भाताची कापणी झाली की त्या भागात वारली पाड्यांवर तारपा वाजू लागतो. वारली चित्रांत वेटोळे घालून नाचणाऱ्या माणसांच्या मध्यभागी जे लांबट वाद्य दिसते, ते हेच. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वादक फुंकताना गालांत हवा साठवून ठेवतो आणि तेवढ्यात नाकाने श्वास घेतो, म्हणून नाद तुटत नाही. मिरज शेजारी असल्याने भोपळा या गृहस्थांच्या परिचयाचा होता. पण तंबोऱ्याचा भोपळा नाद घुमवतो; इथला भोपळा हवेची कोठी होता.

त्यांचे लक्ष मात्र वादकाच्या तोंडाकडे गेले. त्या वृद्धांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि ते तासभर वाजवत होते.

वाजवून झाल्यावर वाद्य जवळून पाहायला मिळाले, तेव्हा उलगडा झाला. तारप्यातही क्लॅरिनेटसारखी एकेरी पत्ती असते. 1700 च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या डेनर यांनी क्लॅरिनेट घडवले, तेही याच तत्त्वावर. फरक इतकाच की तारप्याची पत्ती भोपळ्याच्या आत थरथरते. गारुड्याच्या पुंगीतही तसेच. ओठांनी फक्त छिद्र झाकायचे, पत्तीला स्पर्शही नाही. दातांचा संबंध येतो कुठे?

एक तारपा त्यांच्यासोबत सांगलीला आला. त्याचे सांधे मेणाने बुजवलेले, आणि ते मेण मधमाश्यांचे. ज्या घरात मध चालत नाही, तिथे हे कसे चालावे, असा प्रश्न त्यांच्या पत्नीने विचारला. प्रश्न रास्त होता. त्यांनी वाद घातला नाही. तारपा दुकानामागच्या खोलीत राहिला. मात्र हे मेण खाण्यात येत नाही, एवढे म्हणायचे ते विसरले नाहीत.

तारप्यावर तीन महिन्यांत श्वास परतला. मग त्यांनी पुन्हा क्लॅरिनेट घेतले आणि वरचा ओठ आत दुमडून मुखपट्टी दोन्ही ओठांत धरून पाहिली. पत्ती केवळ ओठांत धरणारे सनईवाले त्यांनी जन्मभर पाहिले होते. तरी हे सुचायला जव्हार गाठावे लागले. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत ओठ बधिर झाले.

आता सूर्यास्तापूर्वीचे जेवण झाले की तासभर थांबून ते वाजवायला बसतात. भरल्या पोटी फुंकर साधत नाही. खालचे सूर जाड आणि गोड येतात. वरच्या सुरांसाठी अंगठ्याची चावी दाबली की हे वाद्य बासरीप्रमाणे आठव्या सुरावर जात नाही, थेट बाराव्यावर उडी घेते. तिथे ओठ घट्ट लागतात, आणि ते अजून जमत नाही. ओठ सुजले की चार दिवस सुट्टी. वय 66, हे सुख किती वर्षांचे, याचा हिशेब त्यांनी मांडलेला नाही.

येत्या दिवाळीला ते पेटी घेऊन जव्हारला जाणार आहेत. इतक्या चाव्यांचे वाद्य कसे असते, ते त्या वृद्ध वादकांना पाहायचे आहे.