पाव तोळ्याचा हिशेब

अमेरिकेतले रायफलचे शौकीन उडालेली पितळी पुंगळी टाकत नाहीत. नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवून तीच पुन्हा भरतात. दारू मोजायचं त्यांचं माप ग्रेन. इंग्रजी अमदानीत तोळा 180 ग्रेनचा ठरला होता, त्या हिशेबानं .308 विंचेस्टर जातीच्या रायफल-काडतुसातली साधारण 45 ग्रेन दारू म्हणजे पाव तोळा. तीन ग्रॅमसुद्धा नाही.

या चिमूटभर दारूत ऊर्जा असते सुमारे 12 किलोज्यूल. एका शेंगदाण्यातही जवळपास तेवढीच! फरक आहे तो घाईचा. जळायला लागणारा ऑक्सिजन दारूच्या रेणूंतच असल्यामुळे सगळं काम सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. तेवढ्यात दाब हवेच्या दाबाच्या चार हजार पटींवर जातो आणि दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला 850 मीटर वेगानं बाहेर पडते. तिच्या वाट्याला बारापैकी जेमतेम साडेतीन किलोज्यूल येतात, बाकीचे उष्णतेत आणि वायूत जातात. तरी त्या क्षणापुरती सरासरी शक्ती भरते 3,700 अश्वशक्तीच्या घरात. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिन 2,600 चं होतं.

आता दारू निवडायची. बाजारात शंभराहून अधिक प्रकार, आणि रसायन बहुतेकांत तेच, नायट्रोसेल्युलोज. खरी निवड जळण्याच्या वेगाची. पिस्तुलाची झटपट जळणारी दारू तेवढ्याच वजनानं रायफलीत भरली, तर गोळी पुढे सरकायच्या आत दाब चढतो आणि रायफल भरणाऱ्याच्या तोंडावर फुटते. फार संथ दारू घेतली तर अर्धी न जळताच बाहेर. म्हणून रायफलीच्या दारूच्या बारीक नळकांड्यांना मधोमध भोक ठेवतात: बाहेरून दाणा झिजतो तसं आतलं भोक रुंदावतं आणि जळणारं क्षेत्रफळ जवळजवळ कायम राहतं. इतकी करामत ज्या दाण्यात, त्याचं वजन ग्रेनच्या पन्नासाव्या भागाएवढं. एका काडतुसात असे दोन हजारांवर दाणे बसतात, आणि नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणारे काहीजण शेवटचा दाणा चिमट्यानं उचलून तराजूत टाकतात.

काडतुसांची दारू विकणाऱ्या ब्रूस हॉजडनला असला नाजूकपणा परवडणारा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानं अमेरिकी सरकारकडून 4895 जातीची 50,000 पौंड उरलेली दारू घेतली आणि मालगाडीच्या जुन्या डब्यात साठवली. पाऊण कोटीहून जास्त काडतुसं भरतील एवढी! त्याच धंद्यातून आजची हॉजडन कंपनी उभी राहिली.

दारूच्या निवडीची खरी किंमत रायफलीची नळी मोजते. .308 ची स्पर्धेतली नळी साधारण पाच हजार बार टिकते. दर बाराला सव्वा मिलिसेकंद धरला, तर तिचं कामाचं आयुष्य सहा सेकंदांचं. जास्त दारू अरुंद नळीतून रेटणाऱ्या 6.5-284 सारख्या काडतुसात नळी हजारभर बारांत खलास, म्हणजे दीड सेकंदही नाही. तरीही वेगाच्या हव्यासापायी लोक तेच भरतात.