सतराच्या आतला डाव

30 नोव्हेंबर 2025, रविवार. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या ओट्यावर शेजारचा मुलगा आणि मी एकाच मोबाईलला डोळे लावून बसलो होतो. अहमदाबादच्या 'एका अरेना' या मैदानावर भारताची सतरा वर्षांखालील मुलं इराणशी खेळत होती. आशिया चषकाच्या पात्रता फेरीतला हा शेवटचा सामना होता आणि भारताला तो जिंकणं भागच होतं. पहिला गोल इराणने केला. मध्यंतराच्या तोंडावर डल्लालमुओन गांग्तेने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळात गुनलेइबा वांगखेइराकपामने दुसरा गोल मारला. पुढची चाळीसेक मिनिटं शेजारचा मुलगा अक्षरशः श्वास रोखून बसला होता. 2-1 वर शिट्टी वाजली आणि भारत सौदी अरेबियातल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. मी टाळ्या वाजवल्या. मुलगाही हसला, पण थोड्या वेळाने म्हणाला, "काका, मी तर आता सतरात बसतच नाही."

तेव्हापासून ते वाक्य मनात घर करून आहे. पात्रता फेरी म्हणजे काय, हे मला त्यातूनच खऱ्या अर्थाने कळलं.

आधी तिची रीत सांगतो. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा या वयाच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा 1985 पासून भरवते. पहिली चीनमध्ये झाली, तेव्हा वयाची अट सोळाची होती. 1991 पासून ती सतरा झाली. जगाच्या या स्पर्धेत आशियातून कोण जाणार, हे आशिया चषकात ठरतं आणि आशिया चषकात कोण खेळणार, हे त्याआधीच्या पात्रता फेरीत. 2025 च्या नोव्हेंबरातल्या फेरीत 38 देशांचे सात गट पाडले होते. प्रत्येक गटातून एकच संघ पुढे जाणार होता, दुसऱ्या क्रमांकाला काहीही नव्हतं. भारताच्या गटात इराण, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि चिनी तैपेई होते. भारताने पॅलेस्टाइनशी 1-1 अशी बरोबरी केली, तैपेईला 3-1 ने हरवलं आणि लेबनॉनकडून 0-2 अशी हार पत्करली. म्हणूनच इराणचा सामना गळ्याशी आला होता.

वयाची अट 1 जानेवारीपासून मोजतात. 2026 च्या स्पर्धेसाठी 1 जानेवारी 2009 किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा चालत होता. 2008 च्या 31 डिसेंबरला जन्मलेला एका दिवसाने बाहेर. शिवाय एकाच वर्षातला जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. चौदा-पंधराव्या वर्षी हे अंतर उंचीत, धावण्यात, खांद्यांच्या रुंदीत लगेच दिसतं आणि निवडणाऱ्याचा हात नकळत मोठ्या मुलाकडे जातो. जगभरच्या संघांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त दिसतात, त्याचं कारण हेच. जन्मदाखल्यात वय चोरणाऱ्यांची पूर्वी चलती होती. 2009 पासून फिफाने मनगटाचा एमआरआय सुरू केला. मनगटाजवळ हाडाच्या टोकाशी वाढीचा एक पट्टा असतो. तो पूर्ण सांधून गेला असेल, तर मुलगा सतराच्या पुढे गेला असं धरतात आणि त्याला खेळू देत नाहीत. दाखल्यावर काहीही लिहिलेलं असलं, तरी हाड बोलतं.

विश्वचषकाच्या दारापाशी आपली मुलं किती वेळा पोहोचली आणि परतली, ते आठवलं की जीव कळवळतो. 2018 मध्ये मलेशियातल्या आशिया चषकात गोव्याचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या मुलांनी व्हिएतनामला 1-0 ने हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य रोखलं आणि गटात एकही गोल खाल्ला नाही. भारत 16 वर्षांनी उपांत्यपूर्व फेरीत आला होता. तिथे जिंकले असते तर थेट विश्वचषक. दक्षिण कोरियाने एकाच गोलाने हरवलं.

त्याहून वाईट वाटतं ते 2019 च्या मुलांचं. ताश्कंदच्या पात्रता फेरीत त्यांनी तुर्कमेनिस्तानला 5-0 आणि बहरीनला 5-0 ने धूळ चारली, यजमान उझबेकिस्तानला त्यांच्याच मैदानात 1-1 असं रोखलं आणि गटात पहिले आले. सामना हातात आल्यावरही ती पोरं पाचव्या गोलापर्यंत धावत राहिली होती. मग कोरोना आला. बहरीनमधला आशिया चषक रद्द झाला, 2021 चा विश्वचषकही रद्द झाला. मोठ्या माणसांच्या स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या आणि नंतर झाल्या. सोळा वर्षांच्या मुलाची स्पर्धा पुढे ढकलता येत नाही. ती होईपर्यंत तो अठराचा होतो. मिळवलेला हक्क हातात घेऊन ती मुलं घरी बसली.

2017 चा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा यजमान म्हणून आपल्याला पात्रता फेरी खेळावीच लागली नाही. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. सामने नवी मुंबईत आणि मडगावातही झाले. त्याआधी 15 सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळकरी मुलांना एकाच दिवशी चेंडू खेळायला उतरवण्याचा मोठा कार्यक्रम झाला. भारत गटातले तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. त्या 21 जणांत आठ मुलं एकट्या मणिपूरची होती.

मणिपूरच का, आणि महाराष्ट्रातून कोल्हापूरच का? याचं माझं उत्तर सरळ आहे. तिथे पात्रता फेरी गल्लीतच सुरू होते. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी आपलासा केला. पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं कुस्तीच्या आणि मंडळांच्या परंपरेतली, पण शाहू स्टेडियमवर ती चेंडूमागे धावतात आणि त्यांच्यामागे अख्खी पेठ उभी असते. आठ वर्षांचं पोर आपल्या पेठेचा संघ बघत मोठं होतं. घरच्या माणसांसमोर हरण्याची धास्ती त्याला सोळाव्या वर्षी परदेशात पहिल्यांदा भेटत नाही.

आमच्या उज्जैनलाही आखाड्यांची परंपरा आहे, मराठी घरंही शिंद्यांच्या काळापासून आहेत. पण इथल्या आखाड्यांनी मल्लखांब धरला आणि तो नावारूपाला आणला. 2013 मध्ये तो मध्य प्रदेशचा राज्यखेळ झाला. त्याचा मला अभिमानच आहे. फुटबॉलला मात्र असं घर मिळालं नाही. शहडोल जिल्ह्यातल्या बिचारपूरसारख्या गावाला ते मिळालं आणि घरोघरी खेळाडू निघाले. आमच्याकडे फुटबॉल शाळेच्या स्पर्धांपुरता आहे. जिल्हा, मग संभाग म्हणजे विभाग, मग राज्य. देवास, रतलाम, मंदसौर, नीमच, शाजापूर, आगरची मुलं उज्जैनला येतात आणि संभागाचा संघ ठरतो.

मी एक असा सामना पाहिला आहे. श्रावणातले दिवस, माळव्याची काळी माती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी पायाला चिकटते. मुलांच्या बुटांखाली तिचे थर चढत होते, चेंडू दोन हात गेला की थांबत होता. शेजारचा मुलगा डावीकडून गोलापर्यंत आला, समोर फक्त गोलकीपर होता, आणि मारताना त्याचा टेकलेला पाय घसरला. चेंडू चिखलातच राहिला. सामना एका गोलाने गेला. मैदानाच्या कडेला बसून तो काडीने बुटांची माती खरवडत होता आणि कितीतरी वेळ मान वर करत नव्हता. जन्म डिसेंबरचा. संघातला सगळ्यात लहान तोच होता, आणि तेच त्याचं शेवटचं वर्ष होतं.

1974 मध्ये बँकॉकला भारताच्या युवा संघाने शब्बीर अलींच्या नेतृत्वाखाली इराणशी 2-2 अशी बरोबरी करून आशियाचं विजेतेपद वाटून घेतलं होतं. हे मी त्या रविवारी ओट्यावर त्याला सांगितलं. "वाटून म्हणजे?" त्याने विचारलं. दोघांनाही चषक, म्हटलं. त्याला ते फार आवडलं.

आता तो संध्याकाळी कॉलनीतल्या लहान पोरांना घेऊन मैदानावर जातो. गोलच्या जागी चपला, रेषेच्या जागी विटांचे तुकडे. परवा एक नवा, अगदीच हडकुळा पोरगा आला, तेव्हा याने पहिला प्रश्न विचारला तो जन्मतारखेचा.

"डिसेंबर, दादा."

"मग तू डावीकडे माझ्याबरोबर खेळ," तो म्हणाला, आणि चेंडू त्याच्याकडे ढकलला.